अवकाश-साहसपट, दूरचित्रवाणी-मालिकांवरील

दूरचित्रवाणीवर भागाभागाने सादर झालेल्या अवकाशविषयक साहसकथांवरून अल्प खर्चात निर्माण केलेले चित्रपट. अवकाशयानातील प्रवास, परग्रहावरील जीवांशी येणारा संबंध आणि त्यातून मानवजातीवर ओढवणारे संकट, हा त्यांचा सर्वसाधारण विषय होय. हा प्रकार मुख्यतः अमेरिका व ब्रिटन या देशांत १९५० ते १९७० या दोन दशकांत बहरला. त्याच्या कलात्मक योग्यतेविषयी मतभेद असले, तरी दोन कारणांनी तो अभ्यसनीय ठरतो. एक म्हणजे, अपुऱ्या साधनांनी अदृष्टपूर्व दृश्ये उभी करण्याच्या कितीतरी युक्त्या या चित्रपटांत आढळतात. दुसरे असे की, काही मूळ मालिकांचे मुद्रण झालेच नाही किंवा झालेले मुद्रण नष्ट झाले. अशा वेळी तिच्यावरून केलेला चित्रपट हाच त्या कथेचा एकमेव संपूर्ण दृश्य अवशेष उरला. मात्र चित्रपट करताना कथेत फेरफार झालेले असल्याने हा अवशेष मूळ कृतीशी तंतोतंत जुळत नाही. या प्रकाराचे मूल्यमापन करताना हा मुद्दा ध्यानात घ्यावा लागतो.

महाराष्ट्रात व एकंदर भारतात मालिकांवरून असे चित्रपट काढण्याचा प्रघात पडला नाही. येथे क्रम उलटा होता : अवकाशविषयक चित्रपट आधी निघाले आणि दूरचित्रवाणी-मालिका पुष्कळ नंतर आल्या. या क्रमभेदाची कारणे पुढे दिली आहेत.

पूर्वपीठिका : चित्रपटातील अवकाशप्रवासाचा आरंभ फ्रेंच चित्रपटकार झॉर्झ मेल्येस यांच्या चंद्रप्रवासावरील मूकपटापासून (१९०२) मानला जातो. तथापि प्रस्तुत प्रकाराचा निकटचा पूर्वज म्हणजे चित्रपटगृहात दर आठवड्याला एकेक भाग या क्रमाने दाखविला जाणारा मालिकापट. प्रत्येक भागाच्या शेवटी नायक प्राणसंकटात सापडे आणि त्याची सुटका पाहण्यासाठी प्रेक्षक पुढील आठवड्यात पुन्हा येई. वृत्तपत्रीय चित्रकथेवर आधारलेला ‘फ्लॅश गॉर्डन’ (१९३६) हा १३ भागांचा मालिकापट या परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध होय. त्यात बस्टर क्रॅब यांनी नायकाची भूमिका केली. त्यानंतर त्याच नायकाचे आणखी दोन मालिकापट (१९३८ व १९४०) आणि ‘बक रॉजर्स’ (१९३९) हा मालिकापट निघाला. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत दूरचित्रवाणीचा प्रसार झाला, तेव्हा मालिकापटाची ही घडण तिने उचलली आणि त्याचा प्रेक्षकवर्गही आपल्याकडे ओढून घेतला. पुढे तीच कथा दूरचित्रवाणीकडून पुन्हा चित्रपटाकडे आली.

अमेरिका : ड्युमाँट या दूरचित्रवाणी-जालावरील ‘कॅप्टन व्हिडिओ’ ही मालिका २७ जून १९४९ रोजी सुरू झाली आणि १ एप्रिल १९५५ पर्यंत चालली. ती थेट प्रक्षेपित होत असे. म्हणजे नट कॅमेऱ्यासमोर काम करीत असतानाच ते दृश्य प्रेक्षकांना घरी दिसे. तिच्या साधनसामग्रीसाठी आठवड्याला अवघे २५ डॉलर मंजूर असत, असे सांगितले जाते. पुठ्ठा, लाकूड व घरगुती यंत्रांचे सुटे भाग यांपासून तिच्यातील यंत्रे व शस्त्रे तयार केली जात. १९५१ मध्ये कोलंबिया या चित्रपटसंस्थेने याच नायकावर १५ भागांचा मालिकापट काढला. सॅम कॅट्झमन हे त्याचे निर्माते होते व जड होल्ड्रन यांनी नायकाची भूमिका केली. दूरचित्रवाणी-मालिकेवरून तयार झालेला हा एकमेव मालिकापट मानला जातो. कृष्णधवल चित्रणातील परग्रहांवरील प्रसंगांना निरनिराळ्या रंगछटा देऊन ग्रहाग्रहांतील भेद दाखविण्याची सोपी व स्वस्त युक्ती त्यात योजलेली होती. परंतु मालिकापट हा प्रकारच तोवर मावळतीला लागला होता. १९५६ नंतर अमेरिकेत नवे मालिकापट निघाले नाहीत.

‘रॉकी जोन्स, स्पेस रेंजर’ (१९५४) या मालिकेत वेगळी पद्धत अवलंबिली गेली. तिचे भाग थेट प्रक्षेपित न करता आधी चित्रपटफितीवर चित्रित केले गेले. तिच्या बऱ्याच कथा तीन भागांत बेतलेल्या होत्या, त्यामुळे तीन भाग सांधून एक पूर्ण लांबीचा चित्रपट तयार करणे सोपे झाले. ‘क्रॅश ऑफ द मून्स’ हा अशा सांधलेल्या चित्रपटांपैकी एक होय. या दोन मालिकांची पुढील कहाणी बोधप्रद आहे. ड्युमाँटचे जाल १९५६ मध्ये बंद पडले, त्याचे मुद्रणसंग्रह पुढे नष्ट झाले आणि ‘कॅप्टन व्हिडिओ’चे मोजकेच भाग आज पाहावयास मिळतात. चित्रपटफितीवर चित्रित झालेली ‘रॉकी जोन्स’ ही मालिका मात्र टिकली. लोकप्रियतेत पहिली मालिका वरचढ होती. टिकण्याच्या बाबतीत निर्णायक ठरले ते माध्यम.

ब्रिटन : ब्रिटनमध्ये या प्रकारास अधिक गंभीर वळण मिळाले. नायजेल नील यांनी लिहिलेली व रुडॉल्फ कार्टिअर यांनी दिग्दर्शित केलेली ‘द क्वाटरमास एक्सपेरिमेंट’ ही सहा भागांची मालिका बीबीसीने १८ जुलै ते २२ ऑगस्ट १९५३ या काळात थेट प्रक्षेपित केली. तीन अंतराळवीरांना घेऊन गेलेले यान परत येते, तेव्हा त्यात एकच माणूस जिवंत आढळतो. अवकाशातील अज्ञात जीवद्रव्याने तिघांनाही ग्रासलेले असते आणि वाचलेला माणूस हळूहळू वनस्पतिसदृश प्रचंड प्राण्यात रूपांतरित होत जातो, असे तिचे कथासूत्र आहे. मालिकेचा शेवट लंडनमधील वेस्टमिन्स्टर ॲबी या प्राचीन वास्तूत घडतो. त्याच वर्षी २ जून रोजी या वास्तूत झालेला राणी एलिझाबेथ दुसरी यांचा राज्याभिषेक असंख्य प्रेक्षकांनी दूरचित्रवाणीवर पाहिला होता. त्यामुळे ओळखीच्या पवित्र स्थळी अवतरलेले संकट त्यांना विशेष भेडसावणारे वाटले. प्रत्यक्षात तो प्राणी म्हणजे एक हातमोजा होता. त्यावर पाने व चामड्याचे तुकडे चिकटवून खुद्द लेखक नील यांनी तो हातात घातला आणि वास्तूच्या मोठ्या छायाचित्राला पाडलेल्या छिद्रांतून बोटे हलविली.

या मालिकेचा एकूण खर्च सुमारे ४,००० पौंड होता. हॅमर या चित्रपटसंस्थेने सुमारे ४२,००० पौंड खर्चून १९५५ मध्ये तिच्यावरून चित्रपट काढला. चित्रपटाच्या मानाने ही रक्कमही अल्पच होती. व्हॅल गेस्ट यांनी तो दिग्दर्शित केला. अमेरिकेत चित्रपट विकला जावा म्हणून क्वाटरमास या शास्त्रज्ञाच्या भूमिकेसाठी ब्रायन डॉनलेव्ही या अमेरिकन नटाची निवड करण्यात आली. रिचर्ड वर्डस्वर्थ यांनी साकारलेला, मुखाने फारसे न बोलता केवळ डोळ्यांतून वेदना व्यक्त करणारा अंतराळवीर हा या चित्रपटातील सर्वोत्तम भाग समजला जातो. केवळ प्रौढांसाठी असलेल्या चित्रपटांना त्या काळी ब्रिटनमध्ये ‘एक्स’ प्रमाणपत्र मिळे. निर्मात्यांनी ही अडचण न मानता तिचीच जाहिरात केली व चित्रपटाच्या नावातील एका शब्दाचे स्पेलिंग बदलून त्याचा आरंभ ‘एक्स’ या अक्षराने केला. चित्रपटास चांगले यश मिळाले. पाठोपाठ ‘क्वाटरमास २’ (मालिका १९५५, चित्रपट १९५७) आणि ‘क्वाटरमास अँड द पिट’ (मालिका १९५८–५९, चित्रपट १९६७) निघाले. हॅमर ही संस्था पुढे भयपटांसाठी जगप्रसिद्ध झाली, तिची वाटचाल या यशापासूनच सुरू झाली.

बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झालेल्या मालिकेत टेरी नेशन यांनी लिहिलेल्या सात भागांच्या कथेतून डॅलेक नावाचे यंत्रदेही शत्रू अवतरले. त्यांना हातपाय वा चेहरा नव्हता. रेमंड क्युसिक या नेपथ्यकाराने त्यांची आकृती अशी योजली होती की, आत बसलेला नट पायांनी ढकलून ते कवच सरकवी, पण ते बाहेरून दिसत नसे. मानवी आकाराचा मागमूस नसल्याने ते खरोखरीच परके भासले व बालप्रेक्षकांत विलक्षण लोकप्रिय झाले. या लोकप्रियतेमुळे ‘डॉ. हू अँड द डॅलेक्स’ (१९६५) व ‘डॅलेक्स इन्व्हेजन अर्थ २१५० ए. डी.’ (१९६६) हे दोन चित्रपट निघाले. दोन्हींत पीटर कुशिंग यांची प्रमुख भूमिका होती व दोन्हींचे दिग्दर्शन गॉर्डन फ्लेमिंग यांनी केले. पहिल्याचा खर्च सुमारे १,८०,००० पौंड होता. मालिका कृष्णधवल होती, चित्रपट मात्र रंगीत व रुंद पडद्यावरचे होते, हेच त्यांचे मुख्य आकर्षण. डॅलेकांच्या शस्त्रांतून ज्वाला न दाखविता आग विझविण्याच्या नळकांड्यांतील वायूचा फवारा दाखविण्यात आला. तो स्वस्त होता आणि बालप्रेक्षकांना कमी भीतिदायक होता.

जेरी व सिल्व्हिया अँडरसन या दांपत्याच्या ‘थंडरबर्ड्स’ (१९६५–६६) या कळसूत्री बाहुल्यांच्या मालिकेवरून ‘थंडरबर्ड्स आर गो’ (१९६६) व ‘थंडरबर्ड ६’ (१९६८) हे चित्रपट निघाले. पहिल्यात मंगळावरील स्वारीचे कथानक आहे. डेरेक मेडिंग्ज यांनी तयार केलेल्या यानांच्या प्रतिकृती व त्यांचे चित्रण उत्कृष्ट असूनही हे चित्रपट अपेक्षेप्रमाणे चालले नाहीत. जे घरी बसून फुकट पाहता येते त्यासाठी तिकीट काढून बाहेर का जावे, या प्रश्नाचे उत्तर या प्रकारच्या प्रत्येक चित्रपटाला द्यावे लागे. रंग, मोठा पडदा वा घरी दाखविता न येणारी भीती यांपैकी काहीतरी देता आले, तरच तो यशस्वी होई.

रूपांतराची पद्धती : मालिकेचे कथानक तीन तासांचे असल्यास चित्रपटास ते सुमारे ८० मिनिटांत बसवावे लागे. मालिकेत प्रत्येक भागाच्या शेवटी उत्कंठेचा एक बिंदू असतो. चित्रपटात अशा पाचसहा बिंदूंची ओळ लागली, तर कथानक तुटक वाटते. म्हणून रूपांतरकार मधले बिंदू काढून टाकीत, दुय्यम पात्रे गाळीत व चर्चेचे प्रसंग आखडते घेत. याचा परिणाम केवळ लांबीवर होत नसे. ‘द क्वाटरमास एक्सपेरिमेंट’ या मालिकेच्या अखेरीस क्वाटरमास त्या प्राण्यापुढे उभा राहतो आणि त्याच्यात विलीन झालेल्या तिघा माणसांच्या उरल्यासुरल्या माणुसकीला आवाहन करतो; ते स्वतःच मरण पत्करतात व मानवजात वाचते. चित्रपटात हे आवाहन नाही. तेथे शहराचा सर्व वीजप्रवाह एकवटून त्या प्राण्याला जाळले जाते. मालिकेने नैतिक पातळीवर सोडविलेला प्रश्न चित्रपटाने यांत्रिक पातळीवर सोडविला.

मूळ लेखकांचे स्थानही दुय्यम राही. नील हे बीबीसीच्या सेवेत असल्याने पहिल्या चित्रपटाच्या व्यवहारात त्यांना अधिकार नव्हता, आणि डॉनलेव्ही यांनी रंगविलेला उर्मट शास्त्रज्ञ त्यांना कधीच रुचला नाही. डॅलेकांच्या कथेचे स्वतंत्र लेखक म्हणून टेरी नेशन यांना त्यांच्यावरील हक्काचा मोठा आर्थिक लाभ झाला. पगारी नोकर असलेल्या क्युसिक यांना मात्र त्या जगप्रसिद्ध आकृतीबद्दल किरकोळ बक्षिसापलीकडे काही मिळाले नाही. दूरचित्रवाणीसाठी केलेल्या निर्मितीचे स्वामित्व कोणाचे, हा प्रश्न या चित्रपटांच्या निमित्ताने प्रथमच ठळकपणे पुढे आला.

अल्पखर्ची चित्रणतंत्र : अवकाशयानाचे उड्डाण, त्याचा अपघात वा नगराचा विध्वंस ही दृश्ये लहान प्रतिकृतींच्या साहाय्याने चित्रित केली जात. येथे मुख्य अडचण आकाराची नसून वेळेची असते. प्रतिकृती लहान असली, तरी गुरुत्वाकर्षण तेवढेच असते. त्यामुळे ती खऱ्या वस्तूच्या मानाने फार लवकर खाली पडते व खेळणे पडल्यासारखे दिसते. पडण्यास लागणारा काळ उंचीच्या वर्गमूळाच्या प्रमाणात असतो. म्हणून १/१६ प्रमाणातील प्रतिकृती पडत असता चित्रण नेहमीच्या चौपट वेगाने, म्हणजे सेकंदाला २४ ऐवजी ९६ चौकटी या गतीने करून ते नेहमीच्या गतीने दाखविले, तर हालचाल भव्य वस्तूला साजेशी संथ दिसते. वेग चौपट झाला की प्रत्येक चौकटीला मिळणारा प्रकाश एक चतुर्थांश होतो, म्हणून दिव्यांची तीव्रताही चौपट करावी लागते. शिवाय प्रतिकृतीचा जवळचा व दूरचा भाग सारखाच स्पष्ट दिसावा यासाठी भिंगाचे छिद्र लहान ठेवावे लागते आणि त्यामुळे प्रकाशाची गरज आणखी वाढते. अल्प खर्चाच्या चित्रपटांत एवढे दिवे व एवढी फीत परवडत नसे. त्यांतील पुष्कळ दृश्ये खोटी वाटतात याचे हे खरे कारण होय.

धूर, पाणी व अग्नी यांना प्रमाणात लहान करता येत नाही. ज्वाळेची जीभ आणि पाण्याचा थेंब यांचा आकार प्रतिकृतीबरोबर घटत नसल्याने त्यांवरून लबाडी चटकन उघडी पडते. निर्वात अवकाशातून जाणाऱ्या अग्निबाणाचा धूर वर वळताना दिसला की, तो वातावरणातच, एखाद्या लहानशा चित्रणगृहात उडविलेला आहे हे जाणत्या प्रेक्षकास कळे. अशा वेळी काही निर्माते युद्धोत्तर काळात चाचणीसाठी उडविलेल्या जर्मन व्ही-२ अग्निबाणांचे खरे चित्रण मिळवून कथेत जोडून देत. खर्च वाचविण्याचा दुसरा मार्ग म्हणजे योग्य स्थळाची निवड. ‘क्वाटरमास २’ या चित्रपटातील परग्रहवासीयांचा तळ म्हणजे इंग्लंडमधील शेल हेवन येथील खराखुरा तेलशुद्धीकरण कारखाना होता. त्याचे प्रचंड नळ व गोलाकार टाक्या यांमुळे लाखो पौंडांचे नेपथ्य आयतेच मिळाले.

महाराष्ट्र व भारत : अपुऱ्या साधनांनी अद्भुत दृश्य उभे करण्याची परंपरा महाराष्ट्रास नवी नाही. दादासाहेब फाळके यांच्या ‘लंकादहन’ (१९१७) या मूकपटात उड्डाण करणारा मारुती प्रेक्षकांनी पाहिला होता. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीच्या ‘संत तुकाराम’ (१९३६) या बोलपटातील अखेरचे गरुडविमान हे मराठी प्रेक्षकांच्या स्मरणात कायमचे ठसलेले आकाशयान होय. मुंबईत बाबूभाई मिस्त्री यांनी ‘ख्वाब की दुनिया’ (१९३७) या हिंदी चित्रपटात काळ्या पार्श्वभूमीवर काळ्या दोऱ्याने वस्तू हलवून अदृश्य माणसाचा आभास निर्माण केला. ‘काला धागा’ हे त्यांचे टोपणनाव त्यावरूनच पडले. पौराणिक व मारधाडीच्या चित्रपटांनी जोपासलेल्या याच कौशल्यावर पुढे अवकाशविषयक चित्रपट उभे राहिले.

भारतीय चित्रपटातील परग्रहवासीयांचे आगमन ‘कलै अरसी’ (१९६३) या तमिळ चित्रपटात प्रथम झाले. एम. जी. रामचंद्रन व पी. भानुमती हे त्यातील प्रमुख कलावंत होत. हिंदीत १९६७ या एकाच वर्षी दोन चित्रपट आले. टी. पी. सुंदरम् दिग्दर्शित ‘चाँद पर चढाई’ या चित्रपटात कुस्तीगीर नट दारासिंग हे अंतराळवीर म्हणून चंद्रावर जातात व तेथे परग्रहांवरील योद्ध्यांशी व अजस्र प्राण्यांशी झुंजतात. एन. ए. अन्सारी यांचा ‘वहाँ के लोग’ हा चित्रपट मंगळावरील आगंतुकांच्या विषयावर बेतलेला आहे. माणसाने चंद्रावर प्रत्यक्ष पाऊल ठेवण्यापूर्वी दोन वर्षे हे चित्रपट निघाले. त्यांच्यामागे दूरचित्रवाणी-मालिका नव्हती व असणे शक्यही नव्हते. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी प्रायोगिक स्वरूपात सुरू झालेली दूरचित्रवाणी मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ रोजी आली. म्हणून या चित्रपटांची घडण मालिकेवरून न येता मारधाडपटावरून आली. त्यांत गाणी, नृत्ये व कुस्त्या यांना अवकाशप्रवासाइतकेच महत्त्व आहे.

मुंबई केंद्राचे कार्यक्रम आरंभी मुंबई-पुण्याच्या आसपासच्या भागातच दिसत. मराठवाड्यातील बीडसारख्या जिल्ह्यांपर्यंत दूरचित्रवाणी पोहोचण्यास १९८२ नंतरच्या उपग्रहाधारित विस्ताराची वाट पाहावी लागली. पुढे बीड जिल्ह्यातच अंबाजोगाई येथे दूरदर्शनचे प्रक्षेपण केंद्र उभे राहिले. उपग्रहाद्वारे खेड्यांत दूरचित्रवाणी नेण्याचा १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळातील प्रयोग सहा राज्यांत झाला. त्यात महाराष्ट्राचा समावेश नव्हता. तोपर्यंत अशा भागांतील खेडुतांचे दृश्यमाध्यम म्हणजे जत्रेतील तंबूचा फिरता सिनेमा होता. त्यात बहुधा एकच प्रक्षेपणयंत्र असे. ३५ मिलिमीटर रुंदीची ३०५ मीटर फीत सुमारे ११ मिनिटे चालते. ती संपली की दुसरे रीळ चढवीपर्यंत खेळ थांबे. झिजलेल्या प्रतीतील तुटलेले भाग गाळून फीत जोडलेली असे. त्यामुळे अखंड म्हणून तयार केलेला चित्रपटही येथील प्रेक्षक खंडाखंडानेच पाहत असे आणि दर खंडाअखेर पुढे काय होईल याची वाट पाहत असे. परदेशात मालिकेतील उत्कंठाबिंदू काढून टाकून चित्रपट अखंड केला जाई. येथे अखंड चित्रपटास रिळांच्या मर्यादेमुळे मालिकेचे रूप येई.

भारतीय दूरचित्रवाणीवरील अवकाशविषयक मालिका बऱ्याच उशिरा आल्या. ‘स्पेस सिटी सिग्मा’ व ‘इंद्रधनुष’ या मालिका १९८९ च्या सुमारास दूरदर्शनवर आल्या. केतन मेहता यांची, मिलिंद सोमण नायक असलेली ‘कॅप्टन व्योम’ ही मालिका १९९८ मध्ये सुरू झाली. पुठ्ठा, रंगीत दिवे व चमकदार वेष यांवरील त्यांची भिस्त पाहता त्या ‘कॅप्टन व्हिडिओ’च्याच वंशातील वाटतात. यांपैकी कोणत्याही मालिकेचे पुढे चित्रपटगृहासाठी रूपांतर झाले नाही. मराठीत तर जयंत नारळीकर, बाळ फोंडके प्रभृतींनी विज्ञानकथेचा पाया भक्कम केला असूनही अवकाश-साहसपटाची परंपरा निर्माण झाली नाही. मराठी चित्रपटाचा मर्यादित बाजार हे त्याचे एक कारण. आणि कमी खर्चात केलेले अवकाशदृश्य हास्यास्पद ठरेल ही निर्मात्यांची धास्ती हे दुसरे.

ऱ्हास : १९७० नंतर हा प्रकार ओसरू लागला. रंगीत दूरचित्रवाणी घरोघरी आल्याने रंगाचे आकर्षण संपले. ‘स्टार वॉर्स’ (१९७७) या चित्रपटाने प्रतिकृतिचित्रणाचा दर्जा इतका उंचावला की, अल्पखर्ची अवकाशपट त्याच्या शेजारी उभा राहू शकेना. त्यानंतर ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ (१९७८) व ‘बक रॉजर्स इन द ट्वेंटीफिफ्थ सेंच्युरी’ (१९७९) या मालिकांचे प्रारंभीचे भागच चित्रपट म्हणून प्रदर्शित करण्यात आले. ‘स्टार ट्रेक’ या मालिकेवरील १९७९ चा चित्रपट प्रचंड खर्चाचा होता. मालिकेवरून चित्रपट काढण्याची प्रथा चालू राहिली; त्यातील काटकसर मात्र संपली.

जतन व मूल्यमापन : ‘द क्वाटरमास एक्सपेरिमेंट’ या मालिकेच्या सहा भागांपैकी पहिल्या दोहोंचेच, दूरचित्रवाणीच्या पडद्यावरील चित्र फितीवर टिपून, मुद्रण करण्यात आले. प्रत समाधानकारक न आल्याने पुढील चार भाग मुद्रित झालेच नाहीत. प्रक्षेपणाबरोबरच ते लोपले. ‘डॉक्टर हू’ मालिकेचे भाग मुद्रित झाले होते, पण चित्रफीत महाग असल्याने ती पुसून पुन्हा वापरली गेली व चित्रपटफितीवरील प्रतीही १९७८ पर्यंत निकालात काढल्या जात होत्या. १९६० नंतरच्या दशकातील तिचे नव्वदहून अधिक भाग अद्याप अनुपलब्ध आहेत. जे काही परत मिळाले, त्यांपैकी बरेच परदेशी केंद्रांना पाठविलेल्या प्रतींतून मिळाले. २०१३ मध्ये नऊ भाग नायजेरियातून हाती आल्याचे जाहीर झाले.

चित्रपटाच्या प्रती अनेक असतात व त्या गावोगावी फिरतात, म्हणून त्यांपैकी एखादी तरी वाचण्याचा संभव अधिक असतो. क्वाटरमासची मूळ मालिका लोपली व चित्रपट उरला तो यामुळे. परंतु या उपकारास एक मर्यादा आहे. मालिकेची संहिता १९५९ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली म्हणूनच तिचा मूळ शेवट, तिघा मृतांच्या माणुसकीला केलेले आवाहन, आज ज्ञात आहे. संहिता छापली गेली नसती, तर विजेने जाळलेला प्राणी हाच कथेचा शेवट असे सर्वांनी मानले असते. म्हणून दृश्य कृतींच्या जतनात फितीबरोबरच संहिता, नेपथ्याचे आराखडे व कार्यक्रमपत्रिका यांचेही जतन अगत्याचे ठरते.

भारतात या प्रश्नाची जाणीव उशिरा झाली. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात १९६४ मध्ये स्थापन झाले. तोवर मूकपट व प्रारंभीचे बोलपट बहुसंख्येने नष्ट झाले होते. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) या चित्रपटाचा काही भागच उपलब्ध आहे आणि ‘आलम आरा’ (१९३१) हा पहिला भारतीय बोलपट मुळीच उपलब्ध नाही. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात नायट्रेट फितींच्या साठ्याला लागलेल्या आगीने उरलेल्या ठेव्यातही मोठी घट केली. अभिजात समजल्या गेलेल्या चित्रपटांची ही स्थिती, तर जत्रेतील तंबूंतून फिरणाऱ्या मारधाडीच्या व अवकाशप्रवासाच्या चित्रपटांच्या प्रतींकडे कोणाचे लक्ष जाणे अवघडच होते.

अल्पखर्ची अवकाश-साहसपटांची गणना श्रेष्ठ कलाकृतींत होत नाही व त्यांतील विज्ञान बहुधा ढोबळ असते. तथापि माणूस अवकाशात जाण्यापूर्वी सर्वसामान्य प्रेक्षकाने त्या प्रवासाची जी कल्पना केली, जी भीती बाळगली व जी आशा धरली, तिचा पुरावा याच चित्रपटांत सापडतो. हातमोज्याचा राक्षस व दोऱ्यावरचे यान हे त्या पुराव्याचे वैगुण्य नसून त्याच्या काळाची खूण आहे. कोणती कृती जतन करण्याजोगी आहे हे तिच्या खर्चावरून वा तत्कालीन प्रतिष्ठेवरून ठरविता येत नाही, हा या प्रकाराच्या इतिहासातून निघणारा निष्कर्ष होय.